इनटेक मॅनिफोल्ड गळतोय? गॅस्केट आणि सीलंट घेण्याआधी हे वाचा

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या सांध्यात दाबून बसणारं पॅकिंग. सुट्या भागांच्या दुकानात ‘इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग द्या’ म्हटलं की कागदी, रबरी, पत्र्याचं अशी दोन-तीन पाकिटं समोर येतात. शेजारी सिलिकॉनच्या काळ्या, करड्या, तांबूस, निळ्या ट्यूब मांडलेल्या असतात. पहिल्यांदा हे काम करणारा माणूस इथेच अडतो. मग जे बसेल ते गॅस्केट घ्यायचं आणि वरून भरपूर सीलंट थापायचं, असा सोपा मार्ग निघतो. गाडी काही दिवस नीट चालते आणि पुन्हा तीच शिट्टी, तेच थरथरणं सुरू होतं.

ही निवड रंगावरून किंवा जाडीवरून करायची नसते. सांध्याच्या त्या नेमक्या जागी आतून काय वाहतं, आणि सांधा कोणत्या दोन पृष्ठभागांमध्ये आहे, हे दोन प्रश्न विचारायचे. उत्तरं मिळाली की बहुतेक चुकीचे पर्याय आपोआप बाद होतात.

१. गळती मॅनिफोल्डचीच आहे का, ते आधी पक्कं करा

पेट्रोल इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. समुद्रसपाटीजवळ धडधाकट इंजिनात व्हॅक्यूम गेज साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतो. उंचीवर गेल्यावर दर ३०० मीटरमागे अंदाजे एक इंच कमी. म्हणजे इथली गळती ठिबकत नाही, बाहेरची हवा आत शिरते. खाली डाग शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

लक्षणं ओळखीची आहेत: आयडल वरखाली होणं किंवा चढलेला राहणं, थंड इंजिन मिसिंग करणं, बॉनेटखालून बारीक शिट्टी. स्कॅनर लावल्यावर पी०१७१ किंवा पी०१७४ म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचे कोड दिसतात, कधी सोबत मिसिंगचा पी०३००. त्याहून उपयोगी माहिती फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्या आकड्यात असते. आयडलला ट्रिम खूप अधिक, समजा +१५ किंवा +२०, आणि २५०० आरपीएमला तो उतरून सामान्याच्या जवळ आला, तर हवेची गळती असण्याची शक्यता दाट. कारण उघड आहे: फटीतून येणारी हवा तेवढीच, पण इंजिन जास्त हवा घेऊ लागलं की तिचा वाटा नगण्य होतो. दोन्ही वेळा ट्रिम सारखाच चढलेला असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा एअर फ्लो सेन्सरकडे वळा.

हे गणित हवा मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनाला लागू पडतं. ज्या इंजिनात फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजला जातो, तिथे संगणक जादा हवेच्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो. मग मिश्रण फारसं पातळ न होता नुसता आयडल चढतो. टर्बो इंजिनात आयडलला हवा आत आणि बूस्टला (टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा) हवा बाहेर, असं दोन्ही होतं. डिझेलमध्ये बहुधा सांध्याभोवती तेलकट काजळी दिसते आणि पिकअप कमी होतो.

मॅनिफोल्ड उघडण्यापूर्वी आजूबाजूचे संशयित तपासा: तडकलेले व्हॅक्यूम पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारी झडप), ब्रेक बूस्टरचा पाइप, थ्रॉटल बॉडीखालचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग, ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाटेचा) सांधा. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर तो स्वतःच चिरलेला असू शकतो. अशा वेळी जगातलं कुठलंही गॅस्केट तुम्हाला वाचवणार नाही.

सर्वात खात्रीची चाचणी धुराची. मशीनने अगदी कमी दाबाने धूर आत सोडतात आणि तो फटीतून बाहेर येतो. जवळच्या गॅरेजमध्ये मशीन असेल तर या एका चाचणीचे पैसे जरूर द्या. घरच्या घरी बारीक फवाऱ्याने सांध्यावर पाणी मारून बघता येतं: फट पाण्याने क्षणभर बुजली की इंजिनाचा आवाज बदलतो. विजेच्या जोडांवर मात्र पाणी मारू नका. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते, पण ती मी नवख्याला सुचवणार नाही. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो आणि स्पार्कच्या वायरीही.

२. सांध्याचा नकाशा काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. माझ्या मते अख्ख्या कामातला सर्वात मोलाचा टप्पा हाच.

कागदावर मॅनिफोल्डचा तळ काढा आणि प्रत्येक भोकाशेजारी लिहा: हवा, पेट्रोलचं मिश्रण, कूलंट, तेल किंवा ईजीआरचा गरम धूर. एका रांगेत सिलिंडर असलेल्या बऱ्याच इंजिनांत यादी छोटी असते, नुसती हवा आणि पोर्ट इंजेक्शन असेल तर थोडं पेट्रोल. पण काहींत कूलंटची वाट मॅनिफोल्डमधून जाते. व्ही आकाराच्या, विशेषतः पुशरॉडच्या (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह हलवणाऱ्या) इंजिनांत तर एकाच गॅस्केटवर सगळं एकत्र नांदतं: मध्ये हवेचे पोर्ट, दोन्ही टोकांना कूलंट, आणि खालच्या दरीत, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत, तेल. पुढच्या आणि मागच्या कडेला मॅनिफोल्ड थेट ब्लॉकच्या भिंतीवर टेकतो, तिथे हेड नसतंच.

अशा इंजिनात गळतीची दिशाही महत्त्वाची. वरच्या कडेने हवा शिरली तर धुराने कळते. खालच्या कडेने गळत असेल तर इंजिन दरीतून तेलाची वाफ ओढतं. बाहेर काहीच दिसत नाही, पण तेल कमी होतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. कूलंट दरीत उतरलं तर तेल दुधाळ होतं. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा साका दिसला, तर गाडी चालवणं त्याच क्षणी थांबवा. बेअरिंगना पाणी मिसळलेलं तेल सोसत नाही. तसंच, साका दिसला म्हणून लगेच मॅनिफोल्डवर आळ घेऊ नका: हेड गॅस्केट गेल्यावरही तेच दिसतं, आणि थंडीत फक्त जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली नुसत्या वाफेनेही थोडा साका जमतो.

उघडल्यावर जुनं गॅस्केट फेकून देऊ नका. ते नकाशाशेजारी ठेवून वाचा. जिथे दाबाचा ठसा फिका आहे तिथे दाब कमी पडला: बोल्ट सैल होता किंवा पृष्ठभाग वाकलेला आहे. रबर फुगून मऊ झालं असेल तर चुकीचा द्रव लागला. कडक होऊन चपटं पडलं असेल तर उष्णतेने म्हातारं झालं. हवेच्या पोर्टमधून बाहेरच्या कडेकडे काळा माग गेला असेल तर गळतीची नेमकी जागा तुमच्या हातात आली.

३. गॅस्केटचं मटेरियल ठरवा

नियम एक: मूळ गॅस्केट ज्या प्रकारचं आणि ज्या जाडीचं होतं, तेच आधी शोधा. व्ही इंजिनात जाडी बदलली की मॅनिफोल्ड दोन हेडच्या मधोमध वरखाली सरकतो. पोर्ट एकमेकांसमोर येत नाहीत आणि बोल्टची भोकंही हुकतात.

कागदी किंवा फायबरचं गॅस्केट स्वस्त, आणि धातूवर धातू असलेल्या साध्या सांध्याला पुरेसं. ते गरम-थंड होताना दबतं, म्हणून काही इंजिनांत पहिल्या तापण्यानंतर बोल्ट पुन्हा आवळायला सांगितलेलं असतं. बुच, म्हणजे कॉर्क, जुन्या इंजिनांच्या पुढच्या-मागच्या कडांना असायचं; दाबल्यावर ते घसरून बाहेर येतं आणि कालांतराने आकसतं.

रबराचा पातळ थर दिलेलं पत्र्याचं गॅस्केट टिकाऊ असतं, पण त्याला सपाट आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. ओरखडे भरून काढायची ताकद त्याच्यात फारशी नसते.

प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये बहुधा खोबणीत बसणारं घडीव रबरी सील असतं. ते एकदा दबून बसलं की तोच आकार धरतं, म्हणून काढल्यावर पुन्हा वापरू नये. वरून चांगलं दिसलं तरीही.

व्ही इंजिनांत कडक चौकटीवर रबराची धार चिकटवलेली गॅस्केटं येतात. चौकट प्लास्टिकची किंवा धातूची असते. प्लास्टिकची चौकट वर्षानुवर्षं उष्णता आणि कूलंट सोसून कूलंटच्या भोकांजवळ तडकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. त्यामुळे तुमच्या इंजिनासाठी धातूच्या चौकटीची सुधारित आवृत्ती निघाली असेल तर तीच घ्या. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, कारण मजुरी आणि वेळ गॅस्केटपेक्षा कितीतरी महाग असतो.

रबराची जात पाकिटावर लिहिलेली असते, ती नकाशाशी ताडून बघा. एनबीआर, म्हणजे नायट्रिल, तेलात आणि पेट्रोलजवळ चांगलं काम देतं, पण साधारण १२० अंश सेल्सियसच्या पुढे लवकर कडक होतं. एफकेएम पेट्रोल, तेल आणि २०० अंशांच्या आसपासची उष्णता, तिन्ही सोसतं. टर्बो किंवा ईजीआरजवळ हेच हवं. सिलिकॉन रबर थंडी-उष्णता दोन्हींत लवचिक राहतं, पण पेट्रोलमध्ये फुगतं आणि सहज फाटतं. ईपीडीएम कूलंटसाठी उत्तम, मात्र खनिज तेल लागलं की फुगतं. कूलंटच्या ईपीडीएम ओ-रिंगला बसवताना इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका. स्वच्छ कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावा.

४. सीलंट कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही

सीलंट गॅस्केटची जागा घेत नाही. निर्मात्याने जिथे गॅस्केट दिलंच नाही किंवा जिथे दोन-तीन भाग एका कोपऱ्यात भेटून खड्डा पडतो, तेवढ्याच जागा त्याच्या.

रबराची धार असलेल्या गॅस्केटवर सीलंट लावलं तर ते वंगणासारखं वागतं: दाबल्यावर रबर घसरतं, धार वाकडी बसते किंवा फाटते. अशी गॅस्केटं कोरडी बसवायची. कोरडी म्हणजे खरोखर कोरडी, बोटांचं तेलही नको.

हवा आणि पेट्रोलच्या पोर्टभोवती सिलिकॉन सीलंट लावू नका. पेट्रोलमध्ये ते मऊ पडून सुटतं. त्याचे तुकडे थेट व्हॉल्व्हकडे जातात, आणि जळालेल्या सिलिकॉनची राख ऑक्सिजन सेन्सरवर बसून तो निकामी करते. ट्यूब घेताना ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं आहे का, ते बघा. एक साधी खूण: ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिड सोडून सुकणारं सिलिकॉन आहे. खिडक्या आणि स्वच्छतागृहांसाठी विकतात ते बहुधा असंच असतं. धातू गंजवतं, इंजिनाजवळ आणू नका.

रंगावर मात्र विसंबू नका. एका कंपनीचं करडं आणि दुसऱ्या कंपनीचं करडं यांत साम्य असेलच असं नाही. मागची माहिती वाचा: तेल सोसतं का, कूलंट सोसतं का, किती अंशांपर्यंत, पूर्ण सुकायला किती तास.

व्ही इंजिनाच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर, जिथे खाली फक्त तेल आहे, तेल सोसणारं आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला सुकणारं) सिलिकॉन योग्य. बऱ्याच इंजिनांत किटमधली बुचाची पट्टी न लावता साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीची अखंड धार ओढायला सांगितलेलं असतं, आणि ती दोन्ही टोकांना सुमारे १२ मिलिमीटर बाजूच्या गॅस्केटवर चढवायची. ब्लॉक, हेड आणि गॅस्केट भेटतात ते चार कोपरेच सर्वात जास्त गळतात. तिथे हात राखू नका. बाकी ठिकाणी मात्र राखा. आत ओघळलेला जादा सिलिकॉन सुटून तेलाच्या टाकीत पडतो आणि पंपाच्या जाळीला चिकटतो.

ॲनारोबिक सीलंट ही वेगळी जात. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होतं. लॉक्टाइट ५१८ हे त्यातलं परिचित नाव; ते साधारण ०.२५ मिलिमीटरपर्यंतची फट भरतं. यंत्रावर घासून सपाट केलेल्या दोन कडक धातूंमध्ये ते छान चालतं. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर ते लावू नका. काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते: बोल्टचे आटे. काही बोल्टची भोकं कूलंटच्या पोकळीत किंवा तेलाच्या दरीत उघडतात. अशा आट्यांना पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन असलेलं थ्रेड सीलंट लागतं. गॅस्केट निर्दोष असूनही कूलंट बोल्टच्या डोक्यातून झिरपतं आणि सगळं काम पुन्हा उघडावं लागतं, ते यामुळेच.

५. काम सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

कागदपत्रं: इंजिनाचा नेमका कोड, चेसिस नंबर, आणि त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं बोल्ट आवळण्याचा क्रम आणि टॉर्क दाखवणारं पान. एकाच मॉडेलच्या गाडीत दोन वेगळी इंजिनं येतात, म्हणून नुसतं मॉडेल सांगून गॅस्केट मागवू नका.

सामान:
– मॅनिफोल्ड गॅस्केटचा पूर्ण संच, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग
– कमी टॉर्कचा पाना. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचे बोल्ट बहुधा ८ ते १२ न्यूटन-मीटरचे असतात आणि मोठा पाना तिथे नीट मोजत नाही
– सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेज
– प्लास्टिकची खरवडणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लव न सोडणारी फडकी
– नवीन कूलंट, आणि तेलात पाणी गेलं असेल तर तेल व फिल्टर
– सीलंट, नकाशात त्याची जागा निघाली तरच

६. उघडणं आणि पृष्ठभाग तयार करणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण तार काढा, पेट्रोलच्या लाइनचा दाब उतरवा, कूलंट मॅनिफोल्डच्या पातळीखाली काढा. प्रत्येक पाइपचा आणि जोडाचा फोटो घ्या.

मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर पोर्टमध्ये फडकी कोंबा. किती कोंबली ते मोजून लिहून ठेवा, बाहेर काढताना तेवढीच निघाली पाहिजेत.

आता सर्वात मोठा सापळा. अल्युमिनियमवरचं जुनं गॅस्केट फिरत्या खरखरीत चकतीने काढायचा मोह होतो, कारण काम झटपट उरकतं. तसं करू नका. चकतीतून अल्युमिनियम ऑक्साइडची धूळ उडते, ती दरीतून तेलात जाते आणि बेअरिंग खाऊन टाकते. शिवाय पृष्ठभागावर खोलगट वाट्या पडतात. प्लास्टिकची खरवडणी, गॅस्केट मऊ करणारं द्रावण आणि वेळ, एवढंच वापरा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर ब्लेड चालवू नका आणि तीव्र द्रावणही टाळा.

मग पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज सरकवा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, सहसा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या घरात. त्याहून जास्त वाकलेला धातूचा मॅनिफोल्ड मशीन शॉपमध्ये घासून घ्या, प्लास्टिकचा असेल तर बदला. वाकलेल्या सांध्यात जादा सीलंट भरणं म्हणजे गळती पुढे ढकलणं.

बोल्टची बंद भोकं कोरडी करा. तळाशी तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर बोल्ट ते दाबतो, टॉर्क खोटा दिसतो आणि कधी धातूच फुटतो.

७. बसवणं

पुसलेल्या पृष्ठभागावर गॅस्केट आधी कोरडं ठेवून बघा. प्रत्येक पोर्ट, प्रत्येक कूलंटचं भोक आणि ईजीआरची वाट जुळते का? डावं-उजवं उलटं नाही ना? काही संचांत एकाच गॅस्केटवर ‘ही बाजू वर’ असं छापलेलं असतं. ते सीलंट उघडण्याआधी वाचलेलं बरं.

आरटीव्ही लावल्यावर वेळ मोजायला लागा. त्यावर सहसा दहा-पंधरा मिनिटांत साय धरते. काही ट्यूबवर ओल्यावरच बसवून पूर्ण आवळायला सांगितलेलं असतं, तर काहींवर हाताने आवळा, तासभर थांबा आणि मग घट्ट करा असं असतं. तुमच्या ट्यूबवर जे आहे तेच पाळा. मॅनिफोल्ड सरळ खाली उतरवा, सरकवू नका. जड असेल तर दुसऱ्या माणसाला हात लावायला सांगा. दोन कोपऱ्यांत डोकं कापलेले लांब बोल्ट खुंट्यांसारखे लावले तर तो आपोआप जागेवर येतो.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन किंवा तीन टप्प्यांत आवळा. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून, हेही मॅन्युअल सांगतं. तेल लावलेल्या आट्यांवर तोच आकडा बोल्टला प्रत्यक्षात जास्त ताणतो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये बोल्टच्या भोकांत धातूच्या नळ्या असतात. बोल्ट त्यांवर टेकला की काम संपलं. ‘अजून थोडं’ म्हणून आवळलंत तर आटे जातील, सील काही जास्त दबणार नाही.

८. सुरू करणं आणि तपासणी

आरटीव्ही वापरलं असेल तर ट्यूबवर दिलेला पूर्ण वेळ द्या. बऱ्याचदा तो २४ तासांचा असतो. घाई इथेच नडते. तेलात कूलंट गेलं होतं तर इंजिन सुरू करण्याआधी तेल आणि फिल्टर बदला, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला.

कूलंट भरून त्यातली हवा काढा. सुरू करण्यापूर्वी चावी ऑन करून पेट्रोलच्या जोडांवर टॉर्चने नजर टाका. इंजिन चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं आयडल इकडेतिकडे होऊ शकतो. बॅटरी काढल्यामुळे संगणक पुन्हा शिकत असतो आणि काही गाड्यांत त्यासाठी ठरावीक प्रक्रिया असते. इंजिन तापलं की जुने कोड पुसा आणि फ्युएल ट्रिम पुन्हा आयडलला आणि २५०० आरपीएमला बघा. दोन्ही आकडे शून्याच्या आसपास, साधारण उणे-अधिक पाचच्या आत असतील तर सांधा धरला आहे.

पुढचे काही दिवस थंड इंजिनात कूलंटची पातळी रोज बघा आणि डिपस्टिक पुसून तेलाचा रंग तपासा. रबरी गॅस्केटचे बोल्ट मात्र पुन्हा आवळू नका. ते फक्त फायबरच्या गॅस्केटला लागतं, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर आणि इंजिन थंड असताना.